शेजारच्या वाफ्याकडे पाहताना

भाजीपाल्याचं शिक्षण फार सावकाश होतं, कारण हंगाम वर्षातून एकदाच येतो. बाल्कनीत चार कुंड्यांमध्ये टोमॅटो लावणाऱ्याला पानं का मुरडली, फुलं का गळाली, फळाच्या बुडाला काळा चट्टा का पडला, याचा थोडाफार अंदाज येईपर्यंत फेब्रुवारी संपत आलेला असतो. ऊन तापायला लागतं आणि मनात आलेला बदल करून पाहायला पुढचा पावसाळा सरेपर्यंत थांबावं लागतं. दहा वर्षं नेटानं लावलं तरी हिवाळे दहाच मिळतात. तेच टोमॅटो वीस घरांनी एकाच जागेत, एकाच आभाळाखाली, पण आपापल्या डोक्यानं लावले, तर एका हिवाळ्यात वीस उत्तरं शेजारी शेजारी उभी राहतात. कुणी रोप खोल लावलेलं असतं, कुणी वरवर. कुणी रोज पाणी देतं, कुणी तिसऱ्या दिवशी. कुणी बगलफूट काढतं, कुणी झाड मोकळं सोडतं.

त्या काळ्या चट्ट्याचंच घ्या. आमच्या बागेत एका वर्षी तो ठरावीक वाफ्यांवरच दिसला. रोपं सगळ्यांची एकाच ट्रेमधली, खत एकाच खड्ड्यातलं. कुणी रोग म्हणालं, कुणी बियाण्याला दोष दिला. मग सगळे मिळून वाफ्यावाफ्यांतून फिरलो तेव्हा लक्षात आलं, की ज्यांची मंडळी शनिवार-रविवार गावी जातात आणि सोमवारी आल्यावर वाफा भरून टाकतात, त्यांच्याच फळांना चट्टा होता. लागून असलेल्या वाफ्यात पाचोळ्याचं जाड आच्छादन होतं, ओल टिकून होती, आणि तिथली फळं बुडापर्यंत स्वच्छ होती. फळाला लागणारं कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पाण्यात खंड पडला की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. हे पुस्तकात वाचता येतं, पण त्या दिवशी ते सगळ्यांना एकदम कळलं आणि कुणी विसरलं नाही. सामाईक भाजीबागेचं कौतुक ताज्या भाजीसाठी, हालचालीसाठी, पर्यावरणासाठी केलं जातं. ते सगळं खरंच आहे. मला मात्र तिचा सर्वांत मोठा गुण हा वाटतो, की शिकण्याचा वेग ती कित्येक पटींनी वाढवते. आमच्या बागेतल्या टिपणवहीचं हे पुस्तक करावं असं वाटलं, ते त्यामुळेच.

बाग आहे पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका वसाहतीत. इमारतींच्या मागे कुंपणापर्यंतची पट्टी वर्षानुवर्षं राडारोड्याखाली पडून होती. आता तिथे प्रत्येक घराला एक वाफा आहे, एका माणसाला दोन्ही बाजूंनी हात घालून मधोमध पोचता येईल एवढाच रुंद. अवजारं, पाण्याची टाकी, रोपवाटिका आणि खताचे खड्डे सामाईक. पुढच्या पानांवरची टिपणं त्या वाफ्यांवर राबणाऱ्यांनीच लिहिली आहेत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, संगणकावर काम करणारी तरुण जोडपी आहेत, शिक्षिका आहेत, आणि इमारतीत राहत नसलेली पण बागेतली सर्वांत जाणती अशी दोन माणसं आहेत: मराठवाड्यातून आलेले रात्रपाळीचे मामा, आणि मुळशीकडच्या गावातून साफसफाईच्या कामाला येणाऱ्या मावशी. या दोघांना सुरुवातीला वाफे दिले नव्हते. फक्त सल्ला विचारला जायचा. पुढे दिले, आणि ते देणं हा या बागेच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय होता असं मी मानतो. गवारीला नुसती पानंच येताहेत, शेंग धरत नाही, ही तक्रार मामांनी तीन शब्दांत निकालात काढली: ‘पाणी तोडा जरा.’ पाण्याचा ताण बसल्याशिवाय गवार फुलावर येत नाही, ती नुसती माजते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मावशींनी सगळ्यांना हेही दाखवलं, की तण म्हणून उपटून फेकली जाणारी घोळ आणि कुर्डू या भाज्याच आहेत. हे ज्ञान शहरात आलेलं असतंच. ते सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर बसलेलं असतं, जिने झाडत असतं. त्याला बसायला जागा आणि बोलायला कारण लागतं.

अशा एकत्र शिकण्याची आपल्याकडे एक फार मोठी परंपरा आहे आणि ती शहरातल्या बागप्रेमींना पुरेशी ठाऊक नाही. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्यानं कुणा तज्ज्ञाच्या तोंडाकडे न पाहता स्वतःच्या जमिनीत स्वतः प्रयोग करावा, त्याची मोजमापं ठेवावीत, आणि दुसऱ्या प्रयोगकर्त्यांसमोर ती उघड करावीत, एवढीच मूळ कल्पना. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी जी झेप घेतली तिच्यामागे एकमेकांच्या बागा पाहत, एकमेकांना प्रश्न विचारत शिकण्याची ही पद्धत होती. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, एवढ्या जमिनीवर एक कुटुंब सुखानं जगू शकतं असं दाभोळकर हिशेब मांडून सांगत. त्यांच्या मराठी पुस्तकाचं नाव ‘विपुलाच सृष्टी’. गच्चीवर आणि कुंड्यांत भाजी लावणाऱ्यांपर्यंत त्यांच्या पद्धती पोचल्या, त्यात मुंबईच्या प्रीती पाटील यांचा मोठा वाटा आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच ओल्या कचऱ्यातून माती तयार केली आणि त्यात भाज्या व फळझाडं वाढवली. हजारो माणसांचं जेवण शिजतं तिथे देठं, साली, टरफलं किती निघत असतील याची कल्पना करा. ते सगळं डंपिंग ग्राउंडवर जाण्याऐवजी जिना चढून वर गेलं.

परदेशांतले दाखले अनेक आहेत, पण त्यांचा मोह मी आवरता घेतो. इंग्लंडमध्ये १९०८च्या कायद्यानं स्थानिक परिषदांवर लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी टाकली. न्यू यॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी मॅनहॅटनमधल्या कचऱ्यानं भरलेल्या एका रिकाम्या भूखंडावर बाग केली, ती आजही तिच्या नावानं उभी आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाचं इंधन आणि रासायनिक खत आटलं, तेव्हा हवाना शहरानं मोकळ्या जागांवर सेंद्रिय वाफे उभारले. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं होतं: कुठे गरिबी, कुठे शहराची पडझड, कुठे टंचाई. आपल्याकडे निमित्त झालं ते बरेचदा कचऱ्याचं.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींना सांगितलं, की ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा. अनेक सोसायट्यांनी नाइलाजानं खताचे पिंप बसवले आणि मग प्रश्न आला: या खताचं करायचं काय? कुंडीतल्या तुळशीला आणि प्रवेशद्वाराजवळच्या क्रोटनला किती पुरणार? आमची बाग अशाच शिलकी खतातून निघाली. खरं तर खतापेक्षा माती हवी होती. राडारोड्याच्या जागेवर कुदळ मारली की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि खाली मुरूम. तिथे विकतची लाल माती आणून ओतणं हा सोपा मार्ग होता आणि काहींनी तो घेतलाही. पण ती माती पहिल्याच पावसात दबून घट्ट बसली. जे टिकलं ते पाचोळ्यातून झालं.

पाचोळ्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण शहरातली सर्वांत मोठी फुकट संपत्ती तीच आहे आणि आपण ती जाळतो. पुण्यात जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत पर्जन्यवृक्ष, बदाम, पिंपळ, करंज पाळीपाळीनं पानं गाळतात. ‘ब्राउन लीफ’सारख्या पुण्यातल्या उपक्रमानं पाचोळा नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून दिली, तेव्हा पोत्यांच्या पोती पाचोळा जाळण्यापासून वाचला. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर आणि कार्बन कमी. तो नुसता साठवला की चिघळतो, वास मारतो, अळ्या पडतात. वाळक्या पानांत याच्या उलट. दोन्ही मिळून कार्बनचे साधारण तीस भाग आणि नायट्रोजनचा एक, असं प्रमाण साधलं की सूक्ष्मजीव धडाधड कामाला लागतात. तराजू घेऊन बसायची गरज नाही: एक बादली ओला कचरा, दोन-तीन बादल्या पाचोळा, वर थोडं जुनं खत विरजण म्हणून, आणि मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये एवढी ओल. चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात हात घालून पाहा. आत चटका बसतो. व्यवस्थित रचलेल्या ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या पुढे जातं, आणि त्या उष्णतेत तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. मग ढीग वरखाली करायचा, पुन्हा ओलावायचा. तीन-चार महिन्यांनी पानाची शीर ओळखू येईनाशी झाली, पहिल्या पावसाचा असतो तसा वास यायला लागला, की झालं. नव्या माणसाला बागेत पहिलं काम आम्ही हेच देतो. बी टोचण्याची घाई सगळ्यांना असते. माती करण्यात हात घातलेला माणूस मात्र बाग सोडून सहसा जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. शहरातल्या बागेला पाण्यापेक्षा उन्हाची टंचाई जास्त भासते आणि ते फार उशिरा ध्यानात येतं. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. तो शून्य सावलीचा दिवस. त्या सुमारास इमारतीच्या उत्तरेकडची जागा लख्ख उजेडात असते. ती पाहून माणूस खूश होऊन वाफा मागून घेतो. मग सूर्य दक्षिणेकडे कलत जातो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा वीस मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे अठरा मीटर लांब पडते, आणि नेमक्या टोमॅटो-वांग्याच्या, फ्लॉवर-कोबीच्या दिवसांत तो वाफा सावलीत जातो. फळभाजीला रोज सहा तास ऊन हवं; पालेभाजी तीन-चार तासांवर भागवून घेते. म्हणून आमच्याकडे वाफ्यांची वाटणी करताना वर्षभराचा सावलीचा नकाशा हाती घेतात, आणि उत्तरेकडच्या वाफ्यांना हिवाळ्यात पालक, मेथी, चाकवत, आंबट चुका. हा नकाशा पुस्तकात दिला आहे. तुमच्या जागेचा वेगळा असेल, पण तो कसा काढायचा ते त्यावरून समजेल. महिन्यातून एकदा, सकाळी, दुपारी आणि चार वाजता, खडूनं सावलीची कड आखायची, बस.

बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेल्या लागवडीच्या महिन्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. ती पाकिटं सगळ्या देशासाठी छापलेली असतात. दख्खनच्या पठारावरचं आपलं वर्ष वेगळं चालतं. मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, काकडी, दोडका, दुधी, पडवळ हे गडी उत्तम येतात. आषाढातल्या झडीत मेथी आणि कोथिंबीर लावू नये, ती सडते. मंडईत त्याच दिवसांत जुडीचा भाव का कडाडतो ते स्वतःची मेथी चिखलात लोळलेली पाहिल्यावर नीट समजतं. ऑक्टोबरच्या उन्हात रोपं तयार करायची आणि दिवाळीच्या आसपास ती वाफ्यात जायला हवीत. टोमॅटोचं फूल रात्रीच्या तापमानावर अवलंबून असतं: रात्री २२-२४ अंशांच्या खाली उतरेनात तर परागीभवन नीट होत नाही आणि फुलं देठापासून गळतात. म्हणूनच एप्रिलमध्ये हिरवंगार, फुलांनी भरलेलं टोमॅटोचं झाड एकही फळ धरत नाही, आणि मालक बिचारा त्याला खतावर खत घालत राहतो. उन्हाळ्यात माठ, राजगिरा, चवळी, आणि सांडपाण्याच्या कडेला अळू. कोकणातल्या घरांमागे मोरीच्या पाण्यावर अळू लावण्याची रीत आहे. आमच्याकडे ती हात धुण्याच्या नळापाशी आली.

आता दुधीची एक गोष्ट, कारण नवशिक्यांची सर्वाधिक निराशा याच वेलापाशी होते. मांडव भरून वेल जातो, पांढरी फुलं लागतात, बारीक लव असलेले अंगठ्याएवढे दुधी दिसतात, आणि चार दिवसांत पिवळे पडून गळतात. लोक म्हणतात कीड लागली. बहुतेक वेळा कीड नसते. दुधीच्या एकाच वेलावर नरफुलं आणि मादीफुलं वेगळी असतात. नरफुलाचा देठ लांब आणि सरळ. मादीफुलाच्या मागे तो चिमुकला दुधी आधीपासूनच असतो. फूल उमलतं संध्याकाळी आणि सकाळपर्यंत मिटून जातं. एवढ्या वेळात रात्री उडणाऱ्या पतंगांनी पराग पोचवले तर फळ धरलं, नाहीतर गळलं. काँक्रीटनं वेढलेल्या बागेत पतंग कमीच फिरकतात. मग ते काम आपण करायचं. दिवेलागणीच्या सुमारास बॅटरी घेऊन मांडवाखाली जायचं, ताजं उमललेलं नरफूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मधला पिवळा परागदांडा मादीफुलाच्या जाडसर, तीन भागांत विभागलेल्या कुक्षीवर हलक्या हातानं फिरवायचा. पिवळी पूड तिथे चिकटलेली दिसते. दोन-तीन दिवसांत छोट्या दुधीचा देठ ताठ होऊन खाली वळला की समजा जमलं. दोडकाही संध्याकाळी फुलतो. तांबडा भोपळा आणि कारलं सकाळी, म्हणून त्यांच्याकडे मधमाश्या जातात. हे तंत्र आमच्या बागेत ज्या मुलीनं सगळ्यांना शिकवलं ती तेव्हा सातवीत होती. शाळेच्या पुस्तकातल्या फुलाच्या आकृतीशी ताडून तिनं ते शोधून काढलं होतं. तिचं टिपण तिच्याच शब्दांत, काहीही न बदलता, आत छापलं आहे.

सामाईक बागेत खरी परीक्षा किडीच्या दिवसांत होते, कारण कीड वाफ्याची हद्द ओळखत नाही. एकानं तीव्र औषध फवारलं की शेजारच्याच्या वाफ्यातले मित्रकीटकही मरतात. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा चढतो, त्याच्या पाठोपाठ ढालकिडे येतात. त्यांच्या अळ्या लांबट, काळ्या, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या आणि दिसायला भीतिदायक असतात. अजाण माणूस त्यांनाच शत्रू समजून चिरडतो, आणि वास्तविक त्या मावा फस्त करत असतात. म्हणून आमचा नियम: कीड दिसली की आधी दोन दिवस पाहायचं, जाणत्याला बोलवायचं, मगच निंबोळी अर्क किंवा साबणाचं पाणी. हे ठरायला मोठे वाद झाले. त्याहून अवघड वाद झाला भेंडीच्या हळद्या रोगावरून. पांढरी माशी तो विषाणू पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि त्यावर उपाय नाही, झाड उपटावंच लागतं. पण ज्याच्या झाडाला अजून भेंड्या लागताहेत तो ते उपटायला का तयार होईल? समजुतीनं, आणि बदल्यात बाकीच्यांनी आपल्या वाफ्यातल्या भेंड्या देऊन, हा तिढा सुटला. अशी वाटणी कागदावर आधी लिहून ठेवता येत नाही, पण एकदा झाली की पुढच्यांना वाट होते.

खरं सांगायचं तर बागा किडीनं मोडत नाहीत, पाण्यानं मोडतात. मे महिन्यात टँकर येऊ लागले की पहिला प्रश्न भाजीच्या वाफ्यांवर येतो, आणि तो विचारणाऱ्यांचं चुकत नाही. पिण्याच्या पाण्यावर बाग जगवणं मला स्वतःला पटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात निम्मे वाफे आच्छादून विश्रांतीला ठेवतात, उरलेल्यांना भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आणि शुद्धीकरण यंत्राचं वाया जाणारं पाणी, तेही त्यातल्या क्षारांचं प्रमाण (टीडीएस) पाहून, साध्या पाण्यात मिसळून. विश्रांतीच्या वाफ्यांत जूनच्या तोंडावर चवळी किंवा ताग पेरतात. चवळीचं झाड हलकेच उपटून मुळं धुऊन पाहा. बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग असेल तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधण्याचं काम करत आहेत; पांढरट किंवा हिरवट असेल तर काम थांबलेलं आहे. मुलांना हे दाखवलं की ती दिसेल त्या शेंगवर्गीय झाडाची मुळं उकरत सुटतात, त्यांना आवरावं लागतं.

स्वस्त पडतं का, असं अनेक जण विचारतात. पैशाचा हिशेब मांडला तर पालेभाजी, मिरची, कढीपत्ता, गवती चहा यांत निश्चित बचत होते. कांदा-बटाटा लावण्यात काही अर्थ नाही, फ्लॉवरमध्येही फारसा नाही. पण एका वाफ्यात घराची भाजी भागणार नाही, हे नव्या सभासदांना पहिल्याच दिवशी सांगावं. जे मिळतं ते वेगळं. भेंडी दिवसाआड तोडली नाही तर जून होते. ती तोडायला कुणीतरी पहाटे पाठ मोडून वाकलेलं असतं. हे अंगानं कळलेला माणूस मंडईत भाव करताना थोडा थांबतो, असं मी पाहिलं आहे, आणि मला ते मोलाचं वाटतं.

बियाण्याबद्दल या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सर्वांत लांब आहे. त्यामागची प्रेरणा अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची. शाळेत न गेलेल्या या आदिवासी शेतकरी बाईंनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी गावठी वाण जपले, घरातच बियाण्याची बँक केली, आणि २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शहरातल्या वाफ्यातून तेवढं साधणार नाही, पण सुरुवात करता येते. वाल, घेवडा, चवळी यांपासून करावी: त्यांची फुलं बहुधा स्वतःच स्वतःचं परागीभवन करतात, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. वेलावरची पहिली, निरोगी, भरदार शेंग खायला न घेता वाळेपर्यंत ठेवायची. टोमॅटोचा गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवून मग बी धुवायचं, म्हणजे त्यावरचं बुळबुळीत आवरण सुटतं. दुधी, दोडका, काकडी यांच्यात मात्र शेजारच्या वाणाचे पराग येऊन मिसळतात; तिथे हातानं परागीभवन करून फुलाला दोरा बांधावा लागतो. आणि पाकिटावर एफ-१ संकरित लिहिलेलं असेल तर त्या फळाचं बी राखण्यात हशील नाही; पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. आमच्या बागेत बी सामाईक असतं. जो नेतो त्यानं हंगामाअखेर नेलं त्याच्या दुप्पट परत ठेवायचं, आणि पुडीवर वाण, वाफा आणि महिना लिहायचा.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची गरज नाही. आज कोणता महिना आहे ते पाहून त्या महिन्याचं प्रकरण उघडा. ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान हातात आलं असेल तर मेथी पेरा: स्वयंपाकघराच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून सकाळी ओळीत टाकायची, वर बियाच्या दुप्पट जाडीची माती, आणि २५-३० दिवसांत खुडायला येते. धने पेरायचे असतील तर ते आधी चपलेच्या तळव्यानं रगडून दोन फाकी करून घ्या. मार्च ते मेमध्ये असाल तर पाचोळा गोळा करा, दुसरं काही नको. जून उजाडला असेल तर भेंडी आणि चवळी. आणि जवळपास कुणी सामाईक वाफे करत असतील तर तिथे रविवारी सकाळी जाऊन उभे राहा. खुरपं तिथे असतंच. पाण्याची बाटली आणि टोपी मात्र आपली न्या.